साखळी आणि शाखा : पॉलिएथिलीनच्या रचनेची प्रस्तावना

नीरा डाव्या कालव्याने बारामती तालुक्याचे जे दोन भाग पाडले, त्यांची नोंद महसुली दफ्तरात कोणत्याही शब्दांनी होवो, लोकांच्या बोलण्यात ते जिरायत आणि बागायत असेच राहिले आहेत. १८७६-७७च्या दुष्काळानंतर सरकारने खोदलेल्या या कालव्याचे पाणी ज्या शिवारांना मिळाले तेथे ऊस आला, उसापाठोपाठ माळेगाव आणि सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने आले, सोसायट्या आल्या, सुबत्ता आली आणि पाटकऱ्याशी होणारी भांडणेही आली. उलट ज्या शिवारांकडे कालव्याने पाठ फिरवली, त्या सुपे, मोरगाव, कऱ्हाटी, उंडवडी या बाजूच्या माळावर बाजरी, शेळ्यामेंढ्या आणि उन्हाळ्यातील टँकर एवढेच लोकांच्या वाट्यास राहिले. इंदापूर तालुक्याची कथा थोडी निराळी आहे. कालव्याने भवानीनगरच्या बाजूस ऊस दिला खरा, पण त्याचे शेपूट जसजसे पुढे सरकते तसतसा त्यातला जोर ओसरत जातो. मात्र १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा तालुक्याच्या उत्तर अंगाला पसरला, त्याने पळसदेवचे प्राचीन देऊळ आणि कित्येक गावठाणे पोटात घेतली, आणि त्याच्या काठावर मोटारी बसवून लांबलांबच्या शेतांपर्यंत पाणी नेण्याचा एक नवाच उद्योग सुरू झाला.

या दोन तालुक्यांत पाण्याची वहिवाट कशी बदलत गेली याची कारणे सांगताना धरण, कालवा, मोट, इंजिन आणि वीज यांचा उल्लेख सर्वजण करतात. या यादीत एका पदार्थाचे नाव सहसा येत नाही, आणि ते यावे असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह आहे. माळावर खोदलेल्या शेततळ्याच्या अंगाला लावलेला ५०० मायक्रॉनचा कागद, डाळिंबाच्या ओळीतून धावणारी ठिबकची काळी नळी, फुगवट्याचे पाणी मागे हटेल तसा मोटारीच्या मागोमाग वाकत जाणारा एचडीपी पाइप, कलिंगडाच्या गादीवाफ्यावर अंथरलेला चंदेरी मल्चिंग पेपर, संकलन केंद्रातून शहराकडे निघालेली अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी आणि टोमॅटो भरून बाजार समितीच्या आवारात थप्पीने रचलेले कॅरेट, या सर्व वस्तू एकाच द्रव्याच्या आहेत. त्यांतील रंग, काजळी आणि इतर किरकोळ मिसळ बाजूला काढली, तर मागे कर्ब आणि हायड्रोजन ही दोनच मूलद्रव्ये उरतात, आणि त्यांचे परस्परांशी प्रमाणही जवळजवळ अढळ असते : कर्बाच्या एका अणूमागे हायड्रोजनचे दोन. असे असूनही कॅरेट खांद्यावरून आपटले तरी वाकत नाही, पिशवी बोटाने चुरगळते, पाइप आपल्या आतला दाब वर्षानुवर्षे सोसतो आणि मल्चिंग पेपर केसाहून पातळ असूनही ढेकळांवर ताणला असता चटकन फाटत नाही. ज्याचे सूत्र एक त्याचे स्वभाव इतके भिन्न का, हा प्रश्न या पुस्तकाचा विषय आहे. आणि त्याचे उत्तर साखळीला फुटणाऱ्या शाखांत आहे, हे पुढील सर्व प्रकरणांत वेगवेगळ्या वाटांनी सिद्ध करावयाचे आहे. ज्या बारामतीत मोरोपंतांनी एकच रामकथा अष्टोत्तरशत रचनांत बांधली असे परंपरा सांगते, त्या गावच्या वाचकाला द्रव्य तेच आणि बांधणी निराळी ही कल्पना अपरिचित वाटू नये.

प्रथम साखळीविषयी. एथिलीन हा दोन कर्ब आणि चार हायड्रोजन अणूंचा वायू आहे. त्याच्या दोन कर्ब अणूंमधील दुहेरी बंध उघडला की त्याचे दोन्ही हात मोकळे होतात आणि एक रेणू दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी अशी जोडणी सुरू होते. रसायनशास्त्रात हिला बहुवारिकीकरण म्हणतात. हजारो, कधी लाखावर कर्ब अणूंची ही साखळी वितळलेल्या स्थितीत वेडीवाकडी गुंतलेली असते, परंतु निवू लागताच ती सरळ होऊन स्वतःवरच पुन्हापुन्हा दुमडते आणि त्या घड्यांचे अतिशय पातळ स्फटिकी पापुद्रे तयार होतात. ब्रिस्टल येथील अँड्र्यू केलर यांनी १९५७ साली असे एकेकटे स्फटिक वाढवून दाखविले, तेव्हा पापुद्र्याची जाडी अवघी शंभर-दीडशे अँगस्ट्रॉम आणि साखळीची लांबी तिच्या कितीतरी पट, हा विसंगत वाटणारा हिशेब घडी या एका कल्पनेने जुळला. पापुद्र्यांच्या दरम्यान मात्र साखळ्यांचे असे भाग राहून जातात की ज्यांना स्फटिकात जागा मिळालेली नसते. तो भाग अस्फटिकी, मऊ आणि विरळ असतो. शुद्ध स्फटिकाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०० ग्रॅम, तर अस्फटिकी भागाची सुमारे ०.८५ ग्रॅम, म्हणून पॉलिएथिलीनच्या कोणत्याही तुकड्याची घनता मोजली की त्यात स्फटिक किती आणि विस्कळीत भाग किती याचा अंदाज येतो. बाजारात दाण्यांच्या पोत्यावर एलडी (अल्पघनता) आणि एचडी (उच्चघनता) अशी जी अक्षरे असतात ती वस्तुतः या एका आकड्याची टोपणनावे आहेत; एलएल (रेषीय अल्पघनता) या अक्षरांत मात्र त्या आकड्याबरोबर साखळीची ठेवणही सांगितलेली असते.

आता शाखेविषयी. तोडणीच्या फडात टोळीतली बाई वाढे छाटून, पाचट सोलून जी उसाची मोळी बांधते, तिच्यात ऊस उसाला इतका लगटून बसतो की मध्ये बोट शिरत नाही. तोच भारा बाभळीच्या फांद्यांचा बांधू म्हटले तर प्रत्येक फांदीचे उपफाटे शेजारणीला दूर लोटतात, आणि कितीही आवळले तरी भारा पोकळच राहतो. पॉलिएथिलीनच्या साखळीला बाजूने फुटलेली शाखा नेमके हेच करते. एका कर्बाची लहानशी शाखा स्फटिकात कशीबशी सामावते, पण दोन, चार किंवा सहा कर्बांची शाखा स्फटिकाबाहेर ठेवली जाते, आणि तिच्यामुळे साखळीचा तेवढा भागही बाहेर राहतो. शाखा जितक्या दाट, तितके त्यांच्यामधले सरळ तुकडे आखूड. तुकडे आखूड, म्हणून पापुद्रे पातळ. पापुद्रे पातळ, म्हणून वितळण्याचे तापमान खाली. दर हजार कर्बांमागे वीसएक शाखा असलेले द्रव्य ०.९२ च्या आसपास घनतेचे, मऊ आणि ११० अंशांच्या सुमारास वितळणारे असते. शाखा जवळजवळ नसलेले द्रव्य ०.९६ घनतेचे, ताठ आणि १३० अंशांच्या पुढेच वितळणारे असते. पिशवी आणि कॅरेट यांतील अंतर एवढेच आहे.

या शाखा पहिल्यांदा कोणी हेतुपूर्वक लावल्या नव्हत्या, त्या आपोआप लागल्या. इंग्लंडात चेशायरमधील विनिंग्टन येथे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे दोघे प्रचंड दाबाखाली वायूंच्या अभिक्रिया तपासत होते. मार्च १९३३ मध्ये त्यांनी एथिलीन आणि बेंझाल्डिहाइड यांचे मिश्रण सुमारे १,९०० वातावरणांच्या दाबाखाली, १७० अंशांना ठेवले. शुक्रवारी लावलेल्या प्रयोगाचे पात्र सोमवारी, २७ तारखेला उघडले, तेव्हा आत मेणासारखा पांढरा पदार्थ आढळला. पुढचे प्रयत्न बिनसले. १९३५च्या डिसेंबरात मायकेल पेरिन व त्यांचे सहकारी यांनी प्रयोग पुन्हा हाती घेतला, तेव्हा गळत्या पात्रात नव्याने भरलेल्या एथिलीनमधून ऑक्सिजनचा नेमका हवा तेवढा अंश आत गेला आणि अभिक्रिया साधली. म्हणजे ज्या गळतीला कोणताही मेकॅनिक शिव्याच देईल तिच्यावर एक मोठा उद्योग उभा राहिला. १९३९च्या सप्टेंबरात कारखाना सुरू झाला, आणि युद्धकाळात रडारच्या तारांवरील आवरणासाठी सगळा माल खपू लागला.

या पदार्थाच्या साखळ्या सरळ असाव्यात असेच सर्वांनी गृहीत धरले होते. परंतु १९४० साली फॉक्स आणि मार्टिन यांनी त्याचे अवरक्त वर्णपट तपासले, तेव्हा साखळीच्या दोन टोकांना जेवढे मेथिल गट असावयास हवेत त्यांच्या कितीतरी पट अधिक आढळले. टोके दोनच असणाऱ्या वस्तूस एवढी टोके कशी, याचा अर्थ साखळीला फाटे आहेत हाच होऊ शकत होता. फाटे कसे फुटतात याचा उलगडा १९५३ मध्ये ड्यु पाँटच्या रोडेल यांनी सुचविला. उच्च दाबाखाली साखळीचे वाढते टोक हे मुक्त मूलक असते आणि त्याला एका हायड्रोजनची भूक असते. ते कधीकधी मागे वळून आपल्याच साखळीवरील पाचव्या कर्बाचा हायड्रोजन हिसकावते. वाढ त्या कर्बापासून नव्याने सुरू होते आणि मागे राहिलेले चार कर्बांचे टोक शाखा बनून लोंबू लागते. हेच टोक स्वतःकडे न वळता शेजारच्या दुसऱ्या साखळीवर हात टाकते, तेव्हा त्या साखळीच्या मध्यातून एक संपूर्ण नवी साखळी उगवते, तिलाही पुन्हा फाटे येतात, आणि आखूड शाखांच्या जोडीला लांब शाखांची झाडोऱ्यासारखी रचना तयार होते.

आखूड आणि लांब शाखांची कामे वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत अभ्यासू लेखनातही होते, म्हणून येथे थोडे थांबणे भाग आहे. आखूड शाखा स्फटिक ठरवितात, म्हणजे थंड झालेल्या वस्तूचा स्वभाव ठरवितात. लांब शाखा स्फटिकाच्या दृष्टीने संख्येने नगण्य असतात, पण वितळलेल्या द्रव्याच्या वागणुकीवर त्यांचीच सत्ता चालते. औद्योगिक वसाहतीतल्या फिल्मच्या कारखान्यात यंत्राच्या गोल फटीतून वितळलेले पॉलिएथिलीन वर निघते, त्यात हवा भरून दोन मजली उंचीचा फुगा केला जातो, आणि वरच्या रुळांत तो चपटा होऊन गुंडाळला जातो. लांब शाखांचे द्रव्य ताणले जाईल तसतसे अधिक आवळून धरते, म्हणून एलडीचा फुगा डगमगत नाही. सरळ साखळ्यांचा फुगा मात्र हेलकावे खातो, जाडी कमीजास्त होते आणि कारागिराला दिवसभर मान वर करून बसावे लागते. हे ओळखून एलएलच्या दाण्यात थोडा एलडीचा दाणा मिसळण्याची पद्धत कारखान्यांत रूढ आहे. जे कारागीर हे मिश्रण रोज करतात त्यांनी रोडेलचे नावही ऐकलेले नसेल, परंतु लांब शाखेचे काम त्यांच्याइतके जवळून फार थोड्या रसायनज्ञांनी पाहिले असेल.

सरळ साखळीची कथा जर्मनीतील म्युलहाइमची आहे, आणि तिच्यातला विनोद प्रस्तुत लेखकाला या साऱ्या इतिहासात सर्वांत मनोरम वाटतो. कार्ल झीगलर हे तेथे ॲल्युमिनियमच्या सेंद्रिय संयुगांच्या साहाय्याने एथिलीनचे रेणू एकापुढे एक जोडत असता एके दिवशी साखळी वाढण्याऐवजी दोनच रेणूंची जोडी होऊन थांबली. पात्रात केवळ ब्यूटीन सापडले. शोध घेता पोलादी पात्रातील निकेलचा सूक्ष्म अंश याला कारणीभूत असल्याचे निष्पन्न झाले. निकेल असे वागते तर दुसरे धातू काय करतात, हे पाहण्याकरिता त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकामागून एक धातू तपासले, आणि झिर्कोनियमने व त्याहूनही टायटॅनियमने उलटच चमत्कार केला : १९५३ साली साध्या दाबाखाली, काचेच्या भांड्यात, एथिलीनची शाखाविरहित लांब साखळी तयार झाली. अमेरिकेत फिलिप्स कंपनीचे हॉगन आणि बँक्स हे क्रोमियमच्या उत्प्रेरकाने दोनच वर्षे आधी तेथे पोहोचले होते. झीगलर यांना १९६३ साली इटलीच्या जुलिओ नात्ता यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या ब्यूटीनने त्यांची साखळी तोडली, तेच ब्यूटीन पुढे मोजून-मापून त्याच साखळीत घालण्याची वेळ येणार होती.

ती वेळ फार लांब नव्हती. शाखा नसलेले पहिले पॉलिएथिलीन कडक आणि भक्कम होते, पण त्याच्या वस्तू काही महिन्यांत तडकू लागल्या. विशेषतः साबणाच्या पाण्याशी संबंध येई तेथे. फिलिप्सच्या गोदामांत न खपलेला माल साचला, आणि १९५८च्या सुमारास मुलांच्या कमरेभोवती फिरणाऱ्या हूला हूपच्या लाटेने तो उचलला म्हणून निभावले. तडकण्याचे कारण रचनेतच होते. दोन स्फटिकी पापुद्र्यांना एकत्र धरून ठेवतात त्या एका पापुद्र्यातून निघून दुसऱ्यात शिरलेल्या साखळ्या. साखळी सर्वथा सरळ आणि गुळगुळीत असेल तर सतत ताणाखाली ती पापुद्र्यातून हळूहळू सरकून बाहेर येते, आणि अशा पुष्कळ साखळ्या सुटल्या की भेग पुढे जाते. साखळीला येथेतेथे एखादी शाखा असेल तर ती स्फटिकाच्या दाराशी अडते आणि साखळीला निसटू देत नाही. तेव्हा ताठपणा राखून तडा टाळावयाचा असेल, तर शाखा हव्यात, पण मोजक्या हव्यात, आणि त्या दाबाच्या लहरीवर न सोडता आपण ठरवू तेवढ्याच लावता आल्या पाहिजेत.

या गरजेतून सहबहुवारिकीकरण पुढे आले. एथिलीनच्या जोडीला १-ब्यूटीन, १-हेक्सीन किंवा १-ऑक्टीन यांपैकी एखादे एकवारिक पात्रात सोडले की त्याचे पहिले दोन कर्ब साखळीच्या कण्यात सामील होतात आणि उरलेले बाहेर शाखा म्हणून राहतात. म्हणून ब्यूटीनने दोन कर्बांची, हेक्सीनने चारांची आणि ऑक्टीनने सहांची शाखा मिळते. शाखेची लांबी आणि संख्या या दोन्ही गोष्टी अशा रीतीने कारखानदाराच्या हुकमतीत आल्या. कॅनडात ड्यु पाँटने १९६० मध्ये द्रावणातून आणि युनियन कार्बाइडने १९७७ मध्ये वायुरूपातच ही प्रक्रिया चालविली, आणि एलएल, म्हणजे रेषीय अल्पघनता पॉलिएथिलीन, जगभर स्वस्त झाले. त्याची घनता एलडीइतकीच, पण लांब शाखा नाहीत आणि आखूड शाखा सर्वत्र सारख्या लांबीच्या. त्यामुळे त्याची फिल्म निम्म्या जाडीतही तेवढाच भार सोसते. मल्चिंगचा पेपर २५-३० मायक्रॉनपर्यंत पातळ करता आला तो याच बळावर. मात्र या पातळपणाची दुसरी बाजूही आहे. हंगाम संपल्यावर असा पेपर सबंध निघत नाही, त्याच्या चिंध्या नांगराखाली जातात आणि इंदापूरच्या काळ्या रानात पुढच्या पिकांबरोबर वर येत राहतात. जाडी ठरविताना कारखानदाराने आपला दाणा वाचविला आणि गोळा करण्याचे काम शेतकऱ्याच्या गळ्यात घातले, असे म्हणावेसे वाटते.

शेततळ्याचा कागद येथे जरा जवळून पाहावा. राज्य सरकारने २०१६ साली मागेल त्याला शेततळे ही योजना काढली आणि माळोमाळ खड्डे झाले. त्यांपैकी पुष्कळ तळी पावसाचा वाहता लोंढा अडविण्याऐवजी विहिरीचे वा बोअरचे पाणी उपसून साठविण्यासाठी वापरली जातात, आणि भूजलाच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचाच आहे, पण तो वाद येथला नव्हे. मुरमाड खड्ड्यात पाणी टिकत नाही म्हणून कागद लावतात. आयएस १५३५१ या मानकाप्रमाणे बनलेल्या कागदाचा कोपरा उकलून उन्हाकडे धरला, तर आत बारदानासारखी उभी-आडवी वीण दिसते. ही वीण एचडीच्या पट्ट्यांची. शाखा नाहीत म्हणूनच त्या पट्ट्या तयार होताना कित्येक पट ताणता येतात, साखळ्या ताणाच्या दिशेने ओळीत येतात आणि पट्टीला बळ चढते. तिच्या दोन्ही अंगांना एलडीचा थर चढविलेला असतो. शाखांमुळे मऊ राहिलेला हा थर विणीची भोके बुजवितो आणि पाणी अडवितो. तळ्याच्या काठावर दोन ताव एकमेकांवर थोडे चढवून कारागीर सांधणीचे तापते यंत्र मधून चालवितो, तेव्हा ११० अंशांपुढे बाहेरचा थर वितळून एकजीव होतो, पण १३० अंशांच्या अलीकडे आतली वीण शाबूत राहते. यंत्र रेंगाळले, आणि वीणही वितळली, तर ताणलेल्या साखळ्या पुन्हा वेटोळ्या होतात, पट्टी आक्रसते आणि नेमक्या सांध्यालगत कागद कमजोर होतो. तळे गळू लागल्यावर लोक बहुधा उंदराला किंवा खेकड्याला दोष देतात. सांध्याची कड आधी तपासावी. चरात दाबण्यापूर्वी कागदाला थोडा सैलपणा देण्याचे कारणही हेच, कारण वैशाखाच्या उन्हात पसरलेला आणि पौषाच्या पहाटे आवळलेला कागद कोपऱ्यातील घडीवर सतत ताण घेत राहतो, आणि सतत ताण कोणत्या साखळ्यांना मानवत नाही ते वर सांगितलेच आहे.

ठिबकच्या नळीची परीक्षा याहून कठीण. पद्मश्री अप्पासाहेब पवारांनी शारदानगरच्या माळावर ठिबकचा पुरस्कार आरंभिला, त्या काळी आजूबाजूच्या लोकांनी त्या नळ्यांकडे कुतूहलाने, काहींनी कुचेष्टेनेही पाहिले असेल. आज कृषी विज्ञान केंद्राच्या त्या परिसरापासून इंदापूरच्या डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागांपर्यंत नळी ही नांगराइतकीच सामान्य झाली आहे. नळीला ऊन लागते, तिच्यातून विद्राव्य खते आणि साफसफाईसाठी आम्ल वाहते, ती दरवर्षी गुंडाळली आणि उलगडली जाते, आणि ड्रिपर बसविलेल्या जागी तिच्या भिंतीला कायमचा ताण असतो. तडकण्याची कसोटी म्हणून प्रयोगशाळेत पट्टीला खाच पाडून, ती वाकवून, साबणासारख्या द्रवात गरम करून ठेवतात आणि किती तासांनी भेग पडते ते पाहतात. ही रीत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत तारांच्या आवरणांसाठी बसविली गेली. या कसोटीला हेक्सीनची वा ऑक्टीनची शाखा ब्यूटीनच्या शाखेपेक्षा सरस ठरते. ब्यूटीन स्वस्त, म्हणून भावाची घासाघीस जेथे फार होते तेथे ब्यूटीनच येणार.

परंतु शाखांची संख्या आणि लांबी समजली म्हणजे सर्व समजले असे नाही. त्या कोणत्या साखळीवर आहेत हा प्रश्न अखेर सर्वांत महत्त्वाचा ठरतो, आणि या पुस्तकाची मधली प्रकरणे त्यालाच वाहिलेली आहेत. झीगलरच्या पद्धतीच्या उत्प्रेरकावर निरनिराळ्या स्वभावांची केंद्रे असतात. काही केंद्रे ब्यूटीन सहज घेतात, काही टाळतात, आणि दुर्दैव असे की जी केंद्रे आखूड साखळ्या काढतात तीच शाखा अधिक घेतात. परिणामी एलएलच्या एकाच दाण्यात दाट शाखांच्या आखूड साखळ्या आणि जवळजवळ सरळ अशा लांब साखळ्या शेजारी नांदतात. एलडीइतकीच घनता असूनही एलएल १२० अंशांच्या पुढे वितळते ते या सरळ साखळ्यांमुळे. पाइपाला मात्र याच्या नेमके उलट पाहिजे : आखूड साखळ्या सरळ असाव्यात म्हणजे त्या स्फटिक होऊन ताठपणा देतील, आणि शाखा लांब साखळ्यांवर असाव्यात म्हणजे त्या पापुद्रे जखडून ठेवतील. हे साधण्याकरिता दोन पात्रे एकापाठोपाठ एक जोडतात; पहिल्यात भरपूर हायड्रोजन देऊन सहएकवारिकाशिवाय आखूड साखळ्या काढतात, दुसऱ्यात हायड्रोजन कमी करून ब्यूटीन वा हेक्सीन सोडतात. पाइपावर पीई १०० असे छापलेले असते ती प्रत बहुधा अशाच रीतीने तयार होते, आणि त्या आकड्याचा अर्थ २० अंशांना ५० वर्षे १० मेगापास्कल ताण सोसण्याची क्षमता असा आहे. १९८०च्या अलीकडे-पलीकडे हाम्बुर्ग येथे कामिन्स्की आणि झिन यांनी मेटॅलोसीन उत्प्रेरकांना प्रभावी केले, तेव्हा सर्व केंद्रे एकाच स्वभावाची झाली आणि शाखांची वाटणी साखळी-साखळीत समान होऊ लागली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. शिवराम यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उत्प्रेरकांवर दीर्घकाळ काम केले.

आपल्या देशातील या उद्योगाचा आरंभ उसाशी जोडलेला आहे, ही गोष्ट दोन्ही तालुक्यांतील वाचकांस गोड वाटेल. बंगालमध्ये रिश्रा येथे १९५९ साली पॉलिएथिलीन निघू लागले, ते मळीपासून काढलेल्या अल्कोहोलचे एथिलीन करून. पुढे ठाण्यास पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजने जर्मनीच्या होएक्स्टच्या सहकार्याने एचडी सुरू केले, आणि मुंबई हायचा वायू हाती आल्यावर नागोठण्याचे संकुल उभे राहिले. खनिज तेल आणि वायू यांच्यापुढे मळीचे अल्कोहोल महाग पडून मागे सरले. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलचे पॉलिएथिलीन पुन्हा मोठ्या प्रमाणावर निघते. एथिलीन मळीचे असो वा वायूचे, साखळीच्या रचनेवर त्याची कसलीही खूण राहत नाही. शाखांची लांबी आणि संख्या त्याच्या मूळ गावावर अवलंबून नसते.

पुढील प्रकरणांत पॉलिप्रॉपिलीन आणि पीव्हीसी यांना स्थान दिलेले नाही. व्हिनाइल ॲसिटेटसारख्या ध्रुवीय सहएकवारिकांचे एक लहान प्रकरण आहे, आणि भंगारात गेलेल्या नळ्यांचा दाणा करताना एलडी, एलएल आणि एचडी एकत्र वितळले तरी निवताना वेगवेगळे स्फटिक का होतात याचा विचार अखेरीस केला आहे. पुस्तक वाचण्यापूर्वी वाचकाने एक प्रयोग स्वतः करावा. छपाई नसलेल्या मऊ पारदर्शक एलडी पिशवीचा एक तुकडा आणि रंग न घातलेल्या, दुधाळ दिसणाऱ्या एचडी कॅनचा एक तुकडा काचेच्या पेल्यातील पाण्यात टाकावा, दोन्ही तरंगतील. चूल, दिवा, आगकाडी जवळ नाही याची खात्री करून पेल्यात स्पिरिट थोडे थोडे घालून ढवळत जावे, आणि तुकड्यांना चिकटलेले बुडबुडे काडीने झटकावेत. स्पिरिटने द्रवाची घनता उतरू लागताच कॅनचा तुकडा आधी तळाशी जाईल. पिशवीचा तुकडा आणखी बऱ्याच स्पिरिटानंतर बुडेल. ठिबकच्या काळ्या नळीचा तुकडा या प्रयोगास घेऊ नये, कारण उन्हापासून बचावासाठी तिच्यात शेकडा अडीचच्या आसपास काजळी असते, तिने घनता सुमारे एक शतांशाने वाढते आणि शाखांचा हिशेब चुकतो.